कुलसुमने हलवलेला समुद्र

मी एक जुनी काचेची टाकी आहे. एके काळी माझ्या पोटात समुद्र होता. खोटं नाही सांगत, मित्रांनो. लाटा नव्हत्या, होड्या नव्हत्या. पण पाणी समुद्राचं होतं, दगड समुद्राचे होते आणि त्या दगडांवर राहणारे जीवही समुद्राचेच होते. एका पावसाळी दिवशी तो सगळा समुद्र माझ्यातून काढून दुसरीकडे हलवावा लागला. तो दिवस मला तुम्हाला सांगायचा आहे. पण आधी माझा जन्म सांगते.

१९९८ साली रत्नागिरीच्या रामआळीत, भिकाजी काचवाल्याच्या दुकानात मी तयार झाले. भिकाजी कपाटांना काचा बसवायचा, तसबिरींना चौकटी करायचा. पाण्याची टाकी त्याने कधी केली नव्हती. जाड काचा कापून, त्यांच्या कडा घासून त्याने त्या सिलिकॉनने जोडल्या. मग मला काठोकाठ भरलं आणि समोर स्टूल टाकून बसला. चहा आला, निवला, तरी त्याची नजर माझ्या सांध्यांवरून हलेना. दिवस कलल्यावर त्याने माझ्या खालच्या कडेवरून बोट फिरवलं. बोट कोरडंच राहिलं. "झाली बाबा पास!" तो म्हणाला. मला मिळालेली ती पहिली शाबासकी.

मला न्यायला अयूब आला. तो मालवाहू जहाजावर इंजिनाच्या खोलीत काम करायचा. वर्षाचा बराच काळ समुद्रावर आणि उरलेला राजिवड्याच्या घरी. दूरच्या कुठल्याशा बंदरात, एका दुकानात त्याने असा काचेतला समुद्र बघितला आणि त्याचं मन त्यातच अडकलं. घरी त्याची बायको कुलसुम होती आणि नुकती चालायला लागलेली मुलगी लायबा.

"समुद्र काय दारात नाय?" मला घरात आणताना बघून कुलसुम म्हणाली. "तो घरात कशाला?"

"दारातला दिसतो तो वरचा गो," अयूब म्हणाला. "लायबाला मी आतला दाखवणार आहे."

त्याने खाडीपासून लांब जाऊन, ऐन उन्हाळ्यातलं नितळ पाणी कॅन भरभरून आणलं. दगड मुंबईहून आणले. त्या दगडांवर बटणाएवढी हिरवी-तांबूस फुलं होती. ती खरी फुलं नव्हेत बरं का! प्रवाळाच्या नात्यातले ते जीव. उजेड आला की उमलायचे, सावली पडली की मिटायचे. नंतर एक समुद्रफूल आलं. तोही एक जीवच. थाळीएवढा, शेकडो मऊ बोटं हलवणारा. आणि सगळ्यांत शेवटी कोकण रेल्वेने, हवा भरून फुगवलेल्या पिशवीतून, अयूबच्या मांडीवर बसून दोन मासे आले. नारिंगी रंगाचे, अंगावर पांढरे पट्टे. ते समुद्रफुलाच्या बोटांमध्ये घर करून राहिले. पुढे लायबाने त्यांना नावं दिली. मोठी मादी ती बेगम आणि लहानखुरा नर तो छोटू.

कुलसुमला मी सुरुवातीला मुळीच आवडले नाही. माझ्या पंपाची घरघर चोवीस तास चालायची. माझ्या काचेवर हिरवट शेवाळ धरायचं. पुन्हा नवरा जेमतेम सुट्टीवर आलेला, तोही सकाळ-संध्याकाळ माझ्यापुढे उकिडवा! "सवत आणलीय मला," ती शेजारच्या कमळाला सांगायची. कमळा मासे विकायची. तिचा नवरा धाकू मिरकरवाडा बंदरातल्या एका बोटीचा तांडेल, म्हणजे प्रमुख खलाशी होता. कमळाला तर माझं भारीच नवल वाटायचं. "मासे खायचे सोडून बघत काय बसता गो?" ती म्हणायची आणि स्वतःच टोपली खाली ठेवून बघत बसायची.

मग अयूबची सुट्टी संपली. तो गेला आणि मी कुलसुमच्या हाती आले. तिने आधी नाइलाजाने माझी काच पुसली. पाण्यावर तरंगणारी एक काचनळी अयूबने दिली होती. पाण्यात मीठ जास्त असलं की ती वर राहते, कमी असलं की बुडते. ती नळी कशी वाचायची, हे कुलसुम रागारागाने शिकली. उन्हाने पाणी आटलं की किती गोडं पाणी घालायचं, समुद्रफुलाला कोळंबीचा तुकडा कुठल्या बाजूने द्यायचा, हेही शिकली. दोन पावसाळे गेले आणि राग कुठे गेला कुणाला ठाऊक. संध्याकाळचा नमाज झाला की ती चहाचा कप घेऊन माझ्यासमोर बसायची. बेगम काचेजवळ येऊन तिच्या बोटाबरोबर इकडून तिकडे पोहायची. एकदा कमळाने विचारलं, "काय गो, सवत बरी आहे ना?" तर कुलसुम म्हणाली, "सवत नाय, सोबत आहे."

मित्रांनो, त्या एका वाक्यासाठी मी आणखी कितीतरी वर्षं पाणी पेललं असतं.

वर्षं सरली. समुद्रफूल मोठं झालं. दगडांवरचे जीव पसरत माझ्या काचेवर चढले. माझ्यात दाटी झाली. २००४ सालच्या सुट्टीत अयूबने भिकाजीकडून एक नवी टाकी करून आणली. माझ्यासारख्या दोन-तीन सहज मावतील एवढी मोठी. तिच्यासाठी खोलीच्या दुसऱ्या भिंतीला जांभ्याच्या चिऱ्यांचा पक्का कट्टा बांधला. पण तेवढ्यात त्याला जहाजाचं बोलावणं आलं.

"आता पाऊस तोंडावर आलाय," जाताना तो म्हणाला. "पावसात समुद्राचं पाणी गढूळ होतं, खारटपणा जातो. घाईने हलवलं तर सगळे मरतील. पावसाळा सरला की मी येतो आणि सावकाश हलवतो. तोवर कुणी हात लावायचा नाय."

नवी टाकी कोरडीच कट्ट्यावर बसून राहिली. मी माझ्या लाकडी टेबलावर होते. आणि पावसाला सुरुवात झाली.

त्या जुलैत पाऊस धरला तो सोडीना. भिंतींना ओल आली. माझ्या टेबलाचा मागचा पाय भिंतीला लागून होता. तो ओल पिऊन फुगला आणि मला एका कोपऱ्यातून वर ढकलू लागला. माझा मागचा खालचा सांधा ताणला गेला. आज थोडा, उद्या थोडा. मला ते कळत होतं. पण काचेला तोंड नसतं. मी सांगणार कुणाला?

एका सकाळी कुलसुमच्या पायाला जमिनीवर पाणी लागलं. तिने वर कौलांकडे बघितलं. पावसाळ्यात कोकणातल्या घरात पाणी दिसलं की माणूस आधी वरच बघतो. तिने फडक्याने पुसलं आणि वर ठिबकतंय कुठे ते शोधू लागली. थोड्या वेळाने तिथे पुन्हा ओलं. पावसामुळे शाळेला सुट्टी होती, म्हणून लायबा घरी होती. तिने त्या पाण्यात बोट बुडवलं आणि चाखलं.

"अम्मी," ती म्हणाली, "हे पाणी खारट आहे."

कुलसुमच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. ती गुडघ्यांवर बसली आणि माझ्या टेबलामागे डोकावली. माझ्या सांध्यातून एक थेंब फुगत होता. फुगला, ओघळला आणि त्याच्यामागे दुसरा आला.

तिने छत्री घेतली आणि भिकाजीला बोलावून आणलं. तो आता म्हातारा झाला होता. त्याने माझ्या सांध्यावर बॅटरीचा उजेड पाडला, नखाने हलकेच दाबलं आणि चटकन हात मागे घेतला.

"सिलिकॉन सुटलंय. ओल्यावर काही चिकटायचं नाही. टाकी रिकामी करून चांगली वाळवायला हवी, तर काहीतरी करता येईल."

"आणि आतले जीव?"

भिकाजीने बॅटरी विझवली. मग म्हणाला, "ही आज धरेल की उद्या जाईल, मला नाही सांगता येत, बाय. एकदम सुटली तर काही हाती लागणार नाही."

कुलसुमने अयूबला फोन लावायचा तरी कुठे? जहाज भर समुद्रात होतं. पुढच्या बंदराला लागल्याशिवाय त्याचा आवाज ऐकू येणार नव्हता. 'तोवर कुणी हात लावायचा नाय,' हे त्याचं वाक्य मला आठवत होतं. तिलाही नक्कीच आठवत असणार, कारण ती नव्या टाकीकडे बघत बराच वेळ उभी होती. नंतर तिने ओढणी कमरेला खोचली.

"लायबा, कमळामावशीला आणि धाकूकाकांना बोलाव. म्हणावं, असाल तसे या."

पावसाळ्यात मासेमारी बंद, त्यामुळे धाकू घरीच जाळी विणत बसला होता. दोघं भिजतच आली. कुलसुमने अडचण सांगितली. माझं सगळं पाणी नव्या टाकीत ओतलं, तरी तिच्यात दगडसुद्धा बुडणार नव्हते. निदान तेवढंच आणखी समुद्राचं पाणी हवं होतं. आणि राजिवड्याची खाडी तर चहासारखी लाल वाहत होती.

"मीठ घाल की दोन मुठी गोड्या पाण्यात!" कमळा म्हणाली.

"नाय चालत. जेवणातलं मीठ वेगळं, समुद्राचं वेगळं. सगळे मरतील."

धाकूने बाहेर आभाळाकडे बघितलं. "भरती लागलीय," तो म्हणाला. "बंदराच्या धक्क्यावर बघू या. पण वरचं पाणी तिथेही गोडंच असणार."

"खारं पाणी जड असतं," कुलसुम म्हणाली. "गोडं वर तरंगतं, खारं खाली राहतं. अयूब सांगायचे. खालचं काढता येईल?"

धाकूने कोपऱ्यातला रिकामा कॅन उचलून बघितला. मग म्हणाला, "येईल. कॅनला दगड बांधून सोडू. बुचाला वेगळी दोरी लावू. कॅन तळाला टेकला की बूच ओढायचं. पण ओहोटी लागायच्या आत व्हायला हवं. एकदा खाडी उलटली, की खालीसुद्धा चिखलच."

त्याने कुणाचातरी टेम्पो मागून आणला. निघण्याआधी कुलसुमने कमळाला बादल्या दाखवल्या. "वरवरचं पाणी मगाने काढत राहा, म्हणजे सांध्यावरचा भार कमी होईल. पण दगड उघडे पडू देऊ नका. आणि लायबा, ह्या तारांना हात लावायचा नाय. पाण्यात हात घालायचा तर आधी बटण बंद."

ती गेली. आता माझ्याजवळ एक कोळीण आणि एक लहान मुलगी उरली. मी उभ्या आयुष्यात इतकी घाबरले नव्हते. कमळाने पाणी काढायला सुरुवात केली. मगाने भरलेल्या बादल्या भिंतीशी ओळीने लागू लागल्या. भार कमी झाला तसं माझं ठिबकणं मंदावलं. "थांबलं बग!" कमळा आनंदाने ओरडली. पण ते थांबलं नव्हतं. टेबलाचा फुगलेला पाय मला अजून ढकलतच होता.

धक्क्यावर काय घडलं, ते मी नंतर धाकूच्या तोंडून ऐकलं. लाटा धक्क्यावर आपटून वर उडत होत्या. कुलसुमने वरचं पाणी काढून नळी त्यात सोडली, तर ती दगडासारखी तळाला गेली. म्हणजे पाणी जवळजवळ गोडंच. मग त्यांनी कॅनला दगड बांधून तो खाली सोडला. दोनदा बूच निघालंच नाही. तिसऱ्यांदा दोरी तुटली आणि कॅन गेला. धाकू म्हणाला, "भाबी, परत जाऊ या. समुद्र चढतोय." कुलसुमने दुसरा कॅन पुढे केला. या वेळी बूच निघालं. वर आलेल्या पाण्यात तिने नळी सोडली. नळी बुडाली, डुचमळली आणि वर येऊन तरंगत राहिली. अयूबने खूण केली होती, तिच्या जरा खाली; पण तरंगली. "माझ्या बोटीला मासळी लागली, तरी मी येवढा ओरडलो नसेन," असं धाकू नंतर सांगायचा.

कॅन भरून टेम्पो घरी आला, तेव्हा ओहोटी सुरू झाली होती. आणखी पाणी मिळणार नव्हतं. जे आणलं त्यातच भागवायला हवं होतं.

कुलसुमने पांढऱ्या मलमलीच्या दुपट्ट्यातून ते पाणी नव्या टाकीत गाळलं. दुपट्टा मातकट झाला. मग माझ्या पाण्याच्या बादल्या ती हळूहळू त्यात मिसळू लागली. आता जिवांची पाळी होती. छोटू जाळीत लगेच आला. त्याला एका बादलीत सोडून त्यात हवेचा पंप लावला. दगडांत लपून राहणारा खेकडाही आला. दगड एकेक करून पाण्याने भरलेल्या टबात गेले. बेगम मात्र काही केल्या येईना. ती समुद्रफुलाच्या बोटांमध्ये खोल शिरून बसली होती.

आणि तेवढ्यात वीज गेली.

पंपाची घरघर थांबली. वर्षानुवर्षं त्या आवाजाला कंटाळलेली कुलसुम त्या शांततेने दचकली. बादलीतलं पाणी हललं नाही, तर माशाला त्यात श्वास मिळत नाही. टबात दगडांवरचे जीव दाटीवाटीने होते, त्यांचंही तसंच.

"हातात एकेक मग घ्या!" कुलसुम म्हणाली. "पाणी उचला आणि वरून ओता. थांबू नका."

कमळा टबाजवळ बसली, लायबा बादलीजवळ. पाणी उचलायचं, हात उंच करायचा, धार सोडायची. पुन्हा उचलायचं. लायबाचे हात भरून आले. "अम्मी, छोटू कडेला जाऊन पडलाय," ती रडवेली होऊन म्हणाली. "ओतत राहा बेटा," कुलसुम मान न वळवता म्हणाली. मान वळवायची तिला सोयच नव्हती. तिचे दोन्ही हात माझ्या आत होते.

समुद्रफूल दगडावर नव्हतं, मित्रांनो. त्याने आपला पाय माझ्या मागच्या काचेला चिकटवला होता. सुटलेल्या सांध्याच्या अगदी जवळ. ओढून काढलं असतं तर त्याचा पाय फाटला असता. पाय फाटलेलं समुद्रफूल मरतं आणि मेलं की आजूबाजूचं सगळं पाणी विषारी करतं. कुलसुम त्याच्या कडेखाली बोटाचा मऊ भाग सरकवत होती. थोडी कड सुटायची. ती थांबायची. ते आकसून पुन्हा चिकटायचं. ती पुन्हा तिथूनच सुरू करायची. तिच्या कपाळावरचा घाम माझ्या पाण्यात पडत होता.

धाकूने माझं टेबल आधार देऊन धरलं होतं. दगड निघाल्यामुळे माझं वजन एका बाजूने हलकं झालं होतं आणि फुगलेल्या पायाचा रेटा आता थेट काचेवर आला. मला वाटलं, थोडं, आणखी थोडं धरायला हवं. मी धरलं. माझ्याकडून होईल तेवढं धरलं.

मग टक्‌ असा आवाज झाला.

माझ्या मागच्या काचेवर खालून वर तिरपी रेघ उमटली. उरलेलं पाणी त्या रेघेतून जमिनीवर धावलं. कमळा किंचाळली. धाकूने ओलं गोणपाट तडीवर दाबून धरलं. पण पाणी त्याच्या बोटांमधून वाहत होतं.

"भाबी, हात काढा! काच सुटेल, हात कापेल!"

"अजून थोडंच राहिलंय."

"ते फूल गेलं तर गेलं! हात काढा म्हणतोय!"

"धाकूभाऊ, तुम्ही फक्त दाबून धरा," कुलसुम म्हणाली. तिचा आवाज इतका शांत होता की धाकूने गोणपाट आणखी जोराने दाबलं. "लायबा, छोटूला राहू दे. माझ्या हातावर पाणी ओत."

लायबाने बादलीतून मग भरला आणि आईच्या हातांवर, समुद्रफुलावर ओतू लागली. पाणी खाली उतरत होतं. तळ दिसू लागला. समुद्रफुलाची बोटं भिजलेल्या दोऱ्यांसारखी कुलसुमच्या मनगटावर पडली होती आणि त्यांच्यात बेगम तोंड उघडंबंद करत होती. कुलसुमने शेवटची कड सोडवली. ते सगळं लडबडतं ओझं तिच्या तळव्यांत आलं. कमळाने प्लास्टिकचं घमेलं पुढे केलं. फूल आणि मासा, दोघं त्यात पाण्याखाली गेली.

त्यानंतर माझ्यात काहीच उरलं नाही. तळाला थोडी वाळू आणि एक रिकामी शिंपली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी हलकी झाले होते आणि ते हलकेपण मला मुळीच आवडलं नाही.

दिवेलागणीला वीज आली. नव्या टाकीत पंप सुरू झाला. पाणी इतकं गढूळ होतं की आत काही दिसत नव्हतं. छोटूला आत सोडलं, तेव्हा तो एका अंगावर पोहत होता. सकाळी तो दगडाच्या आड मेलेला सापडला. लायबाने त्याला हातात घेतलं. "मी हात थांबवला म्हणून गेला का?" तिने विचारलं.

"तू हात थांबवला नाहीस," कुलसुम म्हणाली. "मी तुला दुसरीकडे बोलावलं. ते माझ्या माथी आहे, तुझ्या नाय. आणि मी बोलावलं नसतं, तर सगळे गेले असते."

पण सगळे वाचले, असं अजून कुठे ठरलं होतं? समुद्रफूल तळाशी मळक्या चिंधीसारखं पडलं होतं. त्याचं तोंड उघडं होतं. बेगम त्याच्याजवळ घुटमळत होती. ते मेलं असेल तर ताबडतोब बाहेर काढायला हवं, नाहीतर उरलेलं सगळं मरेल. ते जिवंत असेल आणि बाहेर काढलं, तर आपल्याच हाताने मारल्यासारखं. कुलसुम काचेसमोर बसून राहिली. तिने चहा घेतला नाही, जेवली नाही.

शेवटी कमळा आली. तिने बाही वर केली, हात पाण्यात घालून फुलाला हलकेच स्पर्श केला आणि बोटं नाकाशी नेली. डोळे मिटून वास घेतला. पुन्हा घेतला.

"नाय गो," ती म्हणाली. "ह्यात जीव आहे. मेलेली मासळी माझ्या नाकापासून लपत नाय."

"नक्की?"

"जन्म गेला माझा ह्या वासात. राहू दे त्याला."

कुलसुमने राहू दिलं. मी समोरच्या भिंतीशी रिकामी उभी होते, म्हणून मला सगळं दिसत होतं. एक दिवस गेला. दुसराही गेला. पाणी निवळत गेलं. दगडांवरची हिरवी बटणं एखाददुसरी उघडू लागली. आणि एका सकाळी लायबा दात घासता घासता ओरडली. समुद्रफुलाने आपला पाय नव्या दगडाला रोवला होता. बोटं अजून आखूडच होती, पण ती हलत होती आणि बेगम त्यांच्यात अंग घुसळत होती. कुलसुम धावत आली. काचेवर कपाळ टेकून ती नुसतीच उभी राहिली.

काही दिवसांनी फोन वाजला. अयूबचं जहाज बंदराला लागलं होतं.

"टाकी बरी आहे ना?" त्याने विचारलं. त्याचा आवाज इतका मोठा होता की मलाही ऐकू आला.

"कुठली?" कुलसुम म्हणाली.

"म्हणजे?"

"जुनी तडकली. सगळे मोठीत आहेत."

पलीकडे नुसती खरखर. मग, "कुणी हलवलं?"

"मी."

"ह्या पावसात? मी सांगितलं होतं ना..."

"टाकी पाऊस बघून तडकत नाय."

"कोण गेलं?"

"छोटू."

"आणखी?"

"आणखी कुणी नाय."

 मग तो काहीतरी अगदी हळू म्हणाला असावा, कारण मला ऐकू आलं नाही. पण कुलसुमने उत्तर दिलं ते ऐकलं. "नाय, हाताला काच लागली नाय," ती म्हणाली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला रडू फुटलं.

पाऊस सरल्यावर अयूब घरी आला. बॅग खाली ठेवून तो सरळ नव्या टाकीशी गेला. एक दगड त्याला नीट बसलेला वाटला नाही, म्हणून त्याने बाही सारून हात आत घातला. बेगम फुलातून बाणासारखी सुटली आणि त्याच्या बोटाला कडकडून चावली! त्याने हात बाहेर ओढला. लायबा पोट धरून हसली. मग कुलसुमने हात घातला. बेगम तिच्या बोटांभोवती एकदा फिरली आणि परत आपल्या घरात गेली. अयूबने दगड कुठे हवा ते कुलसुमला विचारलं. तिने दाखवलं. त्याने मान हलवली.

मित्रांनो, आता माझं काय झालं, ते थोडक्यात सांगते. काही दिवस मी भिंतीशी होते, मग जिन्याखाली गेले. माझ्यात जुने रद्दीचे गठ्ठे आले, मग लायबाची लहान झालेली पायताणं. कुणी माझ्याकडे बघेना. नवीन पाहुणे मोठ्या टाकीपुढे थांबायचे, वाहवा करायचे आणि जाताना माझ्यावर छत्र्या टेकवून ठेवायचे. वाईट वाटायचं, नाही कशाला म्हणू? एकदा अयूब मला भंगारात द्यायला निघाला. कुलसुमने दारात त्याला अडवलं. "तडकल्यावरसुद्धा माझे हात बाहेर येईतो उभी राहिली ती," ती म्हणाली. "कुठे नेता तिला?" तेव्हापासून मी मागच्या पडवीत आहे. उन्हाळ्यात माझ्यात पेंढा पसरून आंबे पिकत घालतात. वास छान येतो. माझी तक्रार नाही.

फक्त एक मागणं आहे. तुमच्यापैकी कितीतरी जण मासा, पोपट, कासव, मांजर घरी आणायचा हट्ट धरत असाल. जरूर धरा. पण आणण्याआधी स्वतःला एक विचारा. ज्या दिवशी वीज नसेल, घरातलं जाणतं माणूस दूर असेल आणि पायाखाली पाणी येईल, त्या दिवशी ह्या जिवाला हातात कोण धरून ठेवील? उत्तरात तुम्हाला कुणाचं तरी नाव घेता आलं, तर तो जीव खुशाल घरी आणा. नाव सुचलं नाही, तर त्याला तो जिथे आहे तिथेच राहू द्या.